समुद्राचं पाणी फुकट नसतंय साहेब

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरातल्या फिश टँकवर अख्खं पान आलं होतं, वाचून बरं वाटलं, नाहीतर आमच्या छंदाला पेपरात जागा मिळते ती फक्त वास्तुशास्त्राच्या सदरात, कुठल्या कोपऱ्यात किती गोल्डफिश ठेवले की पैसा येतो ते सांगायला. पण त्याच पानावर खाली एका चौकटीत लिहिलंय की खाऱ्या पाण्याचा टँक आता महागाचा राहिला नाही, कोल्हापूरकरांना कोकण जवळ आहे, पावसाळी ट्रिपला जाताना गाडीत दोन-चार कॅन टाका, समुद्राचं पाणी फुकट मिळतं, आणलं की टँकमध्ये ओता. आता जून तोंडावर आलाय, पहिला पाऊस पडला की निम्मं कोल्हापूर घाटात भजी खायला जातंय, आणि त्यातल्या दहा जणांनी जरी ती चौकट कापून ठेवली असंल तरी बिचाऱ्या माशांचं काही खरं नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

मी काही शास्त्रज्ञ नाही, मंगळवार पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. घरात २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत माझ्या हातनं जेवढे मासे मेले तेवढे कुणी बाजारातनं विकतही आणले नसतील, तेव्हा जे लिहितोय ते शहाणपणानं नाही, मार खाऊन लिहितोय.

पहिल्या वर्षी मी अगदी तुमच्या चौकटीत लिहिलंय तसंच केलं होतं. जूनचा शेवटचा आठवडा, मित्रांची गाडी, आंबा घाटात धुकं, कणीस, सगळं झालं, आणि रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर उतरून चार कॅन भरले. पाणी गढूळ होतं पण म्हटलं पावसाळा आहे, गढूळ असणारच, घरी जाऊन निवळंल. घरी आल्यावर रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायच्या यंत्रावर, थेंब टाकून बघितला तर १९ पीपीटी. समुद्राचं पाणी म्हणजे ३५ च्या आसपास पाहिजे, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम क्षार. मला वाटलं यंत्रच बिघडलंय, आरओचं पाणी टाकून शून्यावर आणलं, परत बघितलं, परत १९. यंत्र बरोबर होतं, मी चुकलो होतो. भाट्याला काजळी नदीची खाडी समुद्राला मिळते, पावसात त्या नदीतनं घाटातलं सगळं गोडं पाणी आणि लाल माती वाहून येते. मी शंभरावर किलोमीटर गाडी मारून, पेट्रोल जाळून, निम्मं नदीचंच पाणी घेऊन आलो होतो. नदीचंच पाणी पाहिजे होतं तर पंचगंगा घाट काय वाईट होता.

आणि गंमत अशी की आपल्या कोल्हापूरच्या लोकांच्या आवडीच्या जागा बघा, भाट्ये, देवबाग, विजयदुर्ग, सगळ्या खाडीच्या तोंडाशी. देवबागला कर्ली नदी, विजयदुर्गला वाघोटन. फोटोला एक नंबर, पाण्याला बाद. उन्हाळ्यात तरी जरा बरं असतंय, पण जून ते सप्टेंबर तिथलं पाणी टँकसाठी आणूच नये. पाऊस थांबला की लगेच पळायचं असंही नाही, नद्यांचा लोंढा ओसरायला वेळ लागतो. मी दिवाळी झाल्याशिवाय कॅन बाहेर काढत नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते ती काय उगाच नसते, समुद्र खवळलेला असतो, जिथं जन्मभर समुद्रावर काढलेली माणसं होडी घालत नाहीत तिथं आपण बादली घेऊन कातळावर उभं राहायचं म्हणजे मासे राहतील बाजूला, आपल्यालाच शोधायला माणसं पाठवावी लागतील.

मग पाणी घ्यायचं कधी आणि कुठनं, तर हे मला एका खारवी काकांनी शिकवलं. मी कॅन घेऊन वाळूत उभा होतो, ओहोटी चालली होती, ते जाळं साफ करत बसले होते, बराच वेळ माझ्याकडं बघत होते, शेवटी म्हणाले, काय भरताय? मी सांगितलं. म्हणाले, अहो आता खाडी रिकामी होतेय, हे सगळं आतलं पाणी बाहेर चाललंय, भरती लागू दे, बाहेरचं पाणी आत आलं की घ्या. आणि भरतीची वेळ काढायला मोबाईल लागत नाही म्हणाले, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला सहा. अमावस्या-पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंय पण आपल्या कामाला तेवढं बास. मी घरी येऊन भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघितलं, काका बरोबर होते. तेव्हापासून आमच्या घरात कालनिर्णयावर दोन माणसं खुणा करतात, आई तिच्या उपासाच्या आणि मी माझ्या पाण्याच्या.

अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं पण तळ ढवळून वाळू आणि कचरा वर येतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमीपासून पुढं दोन-तीन दिवस, पाणी त्या मानानं शांत असतं. मी दशमी धरतो. दशमीची पाऊणपट साडेसात, म्हणजे पहाटे अडीच-तीनला कोल्हापूर सोडायचं, सहा-सव्वासहाला कातळावर पोचायचं आणि भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास-सव्वातास पकडायचा. एकादशीलाही चाललं असतं, पण एकदा एकादशीला गेलो होतो आणि आई बरोबर होती, रत्नागिरीत जाऊन सगळ्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. बायकोनं त्याच दिवशी सांगितलं की पुढल्या वेळी तिथी माझ्याकडनं पास करून घ्यायची.

जागा कुठली ते छापायला देत नाही, माफ करा, नाहीतर पुढच्या रविवारी तिथं वडापावची गाडी लागंल. पण खूण सांगतो, नदीच्या किंवा ओढ्याच्या तोंडापासून लांब, बंदरापासून लांब, गावाचं गटार उतरत नाही अशी, शक्यतो वाळूऐवजी कातळ असलेली, आणि पाण्याकडं वरनं बघितलं तर खालचा दगड स्वच्छ दिसला पाहिजे. पाणी हिरवट, तपकिरी किंवा वर भुसा पसरल्यासारखं दिसलं तर कॅन रिकामे घेऊन परत यायचं. थंडीत कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत, ते नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांमुळं होतं, दिसायला भारी पण त्यांच्या पेशीत माशांना विषारी असा अमोनिया असतो आणि ते एकदम मेले की सगळा पाण्यात उतरतो, टँकवाल्यानं असल्या दिवशी फोटो काढावा आणि पाणी घेऊ नये.

बंदराचं सांगितलं ते का, तर त्याची एक वेगळीच कथा आहे. तिसऱ्या वर्षी मला वाटलं आपण लई हुशार. रत्नागिरीचे मासे रोज पहाटे बर्फात घालून टेम्पोतनं कोल्हापुरात येतात, मग आपण कशाला जायचं, एका टेम्पोवाल्याशी ओळख काढली, चार रिकामे कॅन आणि वर दोनशे रुपये दिले, दुसऱ्या दिवशी पाणी दारात. टेम्पोवाल्याची काही चूक नाही, त्यानं जिथं गाडी लावली होती तिथंच, जेटीवरनं, दोरीला बादली बांधून पाणी काढलं. मी कॅन उघडला तेव्हा वर बारीक इंद्रधनुष्य दिसलं होतं. बघितलं होतं, आणि तरी ओतलं, कारण त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि मला घाई होती. चाळीस लिटर.

सकाळी लाइट लावला तर आधी गोगलगायी दिसल्या, काचेला चिकटून असणाऱ्या सगळ्या वाळूवर उताण्या पडलेल्या. दोन क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंब्या होत्या, लाल-पांढऱ्या पट्ट्याच्या, हात घातला की नखं साफ करायला यायच्या, त्या दोन्ही एका कोपऱ्यात पांढऱ्या पडलेल्या. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. दुकान बंद ठेवून दिवसभर पाणी बदलत बसलो, विष शोषायला कार्बन घातला, दोन क्लाउनफिशपैकी एक वाचला, तो अजून आहे. नंतर वाचलं तेव्हा कळलं, डिझेल तर असतंच, पण होडीच्या तळाला शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यात तांबं असतं, आणि तांबं श्रिंप-गोगलगायींना अगदी थोडंसं असलं तरी विष आहे, मासा एकवेळ तगतो, हे आधी जातात. कडेला सांगतो, पाणी भरायला पितळी नळ, तांब्याची कळशी, असलं काही वापरू नका हे पण त्याचसाठी.

कॅनचंही असंच. माझ्या एका मित्रानं खाद्यतेलाचे रिकामे कॅन आणले, भांड्याच्या लिक्विडनं तीन वेळा धुतले, आणि पाणी टाकल्यावर त्याच्या स्किमरमधनं, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणाऱ्या यंत्रातनं, सर्फच्या बादलीसारखा फेस आला, रात्रभर हॉलमध्ये. साबण कधीच वापरायचा नाही, नुसत्या पाण्यानं धुवून उन्हात वाळवायचं. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे जार सगळ्यात बरे. उद्यमनगरात सेकंडहँड निळे ड्रम स्वस्तात मिळतात पण त्यात आधी काय होतं हे विकणाराही सांगू शकत नाही, तेव्हा तिथं पैसे वाचवायला जाऊ नका, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारा नवा ड्रमच घ्या.

भरताना मी आईच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा चौपदरी करून नरसाळ्यावर टाकतो. बादली लांब दोरीनं कातळावरनं खोल पाण्यात सोडायची, वरवरचं आणि काठाचं पाणी घ्यायचं नाही. पहिल्या बादलीनं कॅन विसळायचा. फडक्यावर जे राहतं ते एकदा मुलाला भिंगातनं दाखवलं, बारीक पारदर्शक किडे उड्या मारत होते, पोरगं अर्धा तास उठेना. फडक्यातनं पण पुष्कळ काय काय खाली जातंच, त्यासाठी घरी आल्यावर परत एकदा बारीक फिल्टर सॉकमधनं गाळतो.

आता वजन. समुद्राचं पाणी साध्या पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला १ किलो २५ ग्रॅम धरा. २० लिटरचा जार साडेवीस किलोच्या वर. आठ जार म्हणजे १६४ किलो, गाडीत मागं दोन पैलवान बसवल्यासारखं, आणि ते घेऊन आंबा घाट चढायचा. एकदा घाटाच्या पायथ्याला नाकाबंदी लागली. गोव्याच्या दारूसाठी गाड्या बघत होते, माझी डिकी उघडली तर आठ जार, वरनं पोतं झाकलेलं. हवालदार साहेबांनी विचारलं काय आहे, म्हटलं समुद्राचं पाणी. ते माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं बघतो. एक जार उघडायला लावला, वास घेतला, मग करंगळी बुडवून जिभेला लावली आणि थुंकले. म्हणाले, एवढ्या लांबनं खारं पाणी नेताय, कोल्हापुरात मीठ मिळत नाही काय? मागच्या गाडीतले लोक हसायला लागले. मला त्या क्षणी काही सुचलं नाही, पण प्रश्न बरोबरच होता आणि तो मला आजपर्यंत निम्म्या नातेवाईकांनी विचारलाय, म्हणून त्याचं उत्तर इथं देतो.

मीठ मिळतं हो, पण स्वयंपाकाचं मीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर. समुद्राच्या क्षारात सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास, राहिलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बाकीचं सगळं, आणि पोवळ्यापासून शंखापर्यंत जे कवच करतात त्यांचं घर ह्या १५ टक्क्यांवर चालतं. कुणी म्हणेल मग शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ आणा, ते तर समुद्राचंच. पण मिठागरात पाणी आटतं तेव्हा कॅल्शियमचा जिप्सम आधीच तळाला बसतो, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम बरंचसं शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं. म्हणजे मीठ समुद्रातनं आलं तरी ते परत पाण्यात टाकून समुद्र होत नाही. म्हणून टँकवाले एकतर कंपनीचं मरीन सॉल्ट आरओच्या पाण्यात मिसळतात नाहीतर माझ्यासारखे घाट उतरतात. चांगल्या जागेच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, तेराशेच्या आसपास मॅग्नेशियम, पीएच ८.१-८.२, सगळं आयतं. आपली पंचगंगा एवढी सह्याद्रीत उगम पावते, समुद्र पाठीशी, पण ती बघा उलटी पूर्वेला जाते, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराला. आपल्यालाच पश्चिमेला जावं लागतं.

आणि "आणलं की ओता" हे तर अजिबात नाही. एकतर त्याच दिवशी गाळून, टेस्ट करून, टँकच्या तापमानाला आणून वापरा, नाहीतर साठवा, मधलं काही नाही. जार बंद करून गाडीत दोन दिवस ठेवले की आतले सूक्ष्म जीव मरतात, ऑक्सिजन संपतो आणि झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो. मी जिन्याखाली अंधारात २०० लिटरचा ड्रम ठेवलाय, त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन सतत चालू, दोन आठवडे हात लावत नाही. उजेड नसला की शेवाळ धरत नाही, जे मरायचं ते मरून तळाला बसतं, मग वरचं पाणी नळीनं काढायचं, तळाचं चार बोटं सोडून द्यायचं. त्यानंतर अमोनिया टेस्ट करायची, शून्य आला तरच टँकला. काही लोक ब्लीच घालून नंतर सोडियम थायोसल्फेटनं क्लोरीन मारतात, तेही बरोबर आहे, पण ज्याला थेंब मोजायचा कंटाळा त्यानं त्या वाटेला जाऊ नये. मी स्वतः आळशी आहे, मला अंधार परवडतो.

दर पंधरा दिवसांनी दहा टक्के म्हणजे २० लिटर बदलतो. जून ते सप्टेंबर चार महिने, आठ वेळा, १६० लिटर. म्हणजे मे अखेर एकच फेरी मारून ड्रम भरला की अख्खा पावसाळा निघतो. ही पावसाळी ट्रिपला कॅन न्यायची भानगडच राहत नाही.

ह्या ड्रमवरनं एक आठवलं. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची ४३ फुटांची पातळी कधीच मागं पडली होती, उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचं पाणी बंद. सगळीकडं पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही. टँकरच्या रांगा. आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्या जिन्याखाली पाण्यानं भरलेला ड्रम बघितला, मी दुकानात होतो, घरात विचारलं तर मुलानं सांगितलं घ्या की काकू, पप्पांनी साठवलंय. त्यांनी दोन कळशा नेल्या आणि एका कळशीतलं डाळीला घातलं. संध्याकाळी काका आमच्या दारात आले, काही बोलले नाहीत, हातात वाटी होती, मला म्हणाले चाखून बघ. आता ड्रमवर मोठ्या अक्षरात "खारं" लिहून ठेवलंय.

अजून एक चूक सगळे करतात ती सांगतो मग थांबतो. टँकमधलं पाणी रोज आटतं, उन्हाळ्यात माझ्या टँकचं दिवसाला दीड-दोन लिटर. आटतं ते पाणी, मीठ नाही. त्यामुळं आटलेली जागा आरओच्या गोड्या पाण्यानं भरायची. कसबा बावड्यातला एक भाऊ तीन महिने समुद्राचंच पाणी वर टाकत होता, त्याला वाटलं खाऱ्या टँकला खारंच पाहिजे. मासे खायचे बंद झाले तेव्हा मला बोलावलं. रिफ्रॅक्टोमीटर लावला, ४२. लोणच्याची बरणी झाली होती. आठ दिवस रोज थोडं थोडं गोडं पाणी मिसळून खाली आणलं, एकदम आणलं असतं तर त्यानंच मेले असते.

बदललेलं पाणी कुठं टाकायचं हे पण तुमच्या चौकटीत नव्हतं. झाडांना घालू नका, माझ्या बायकोची जास्वंद मी तीन आठवड्यांत मारली आहे, तिनं अजून माफ केलेलं नाही. रंकाळ्यात तर नाहीच, आणि परत नेऊन समुद्रात पण नाही, दुकानातल्या माशांबरोबर कुठनं कुठनं काय काय रोग आलेले असतात. बाथरूमच्या मोरीत ओतायचं. आणि किनाऱ्यावर गेल्यावर पाण्याशिवाय दुसरं काही उचलायचं नाही, पोवळं आणि समुद्रघोडा ह्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डबक्यातला मासा पोरांना आवडला तरी डबक्यातच राहू दे. क्लाउनफिश आता हॅचरीत होतात, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र बसवलंय, दुकानात विचारून हॅचरीचाच घ्यायचा, तो डबाबंद खाणं खातो आणि तगतो पण.

आता हिशोब, कारण शब्द "फुकट" होता. माझी जाऊन-येऊन फेरी २८० किलोमीटरच्या आसपास, पेट्रोलला दोन हजार. चहा-नाश्ता, मासे थाळी चार जणांची, ती मी टँकच्या खात्यावर टाकत नाही पण बायको टाकते. तेवढ्याच १६० लिटरसाठी मरीन सॉल्ट साधारण सहा किलो लागंल, त्याचे पैसे आणि पेट्रोलचे पैसे जवळपास बरोबरीत सुटतात. वर एक झोपमोड, कंबर, आणि दोन आठवड्यांची वाट. ज्याला हे जमत नाही त्यानं सरळ सॉल्ट विकत घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही, निम्म्याच्या वर टँकवाले तेच करतात. मी जातो कारण मला ते पहाटेचं कातळावरचं उभं राहणं आवडतं, पायाखाली भरती चढत असते, दोरी हाताला काचत असते आणि दुकानातला फोन लागत नाही. पण ह्याला फुकट म्हणू नका.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, छापा की पावसाळ्यात समुद्राचं पाणी आणू नये आणि कधीही आणलं तरी तसंच ओतू नये. जागा कमी असली तर माझं हे सगळं पत्र नका छापू, तेवढ्या दोन ओळी छापा. जूनच्या आधी छापा.

आपला वाचक,
एक टँकवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता.क. : येत्या दशमीला मी निघणार आहे, ह्या सीझनची शेवटची फेरी. तुमच्या पुरवणीवाल्यांपैकी कुणाला यायचं असंल तर दोन जागा आहेत, फक्त जाताना. येताना तिथं जार असतात.